बेशरमीचं कुंपण

जैनबबीनं दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हाच गिऱ्हाइकांनी ओळखलं, की बाई आज मीठमिरचीला आलेली नाही. पदर कमरेला खोचलेला, पोटऱ्यांपर्यंत खाचराचा चिखल, आणि हातात अंगठ्याएवढी जाड एक हिरवी काठी. काठीच्या टोकाला पांढऱ्या मुळ्यांच्या झिपऱ्या लोंबत होत्या. ती काठी तिनं सरळ तागडीच्या पारड्यात आपटली. पारड्यात गेणबाचा गूळ होता, तो उडून शेंगदाण्याच्या पोत्यात जाऊन पडला.

"तोल," ती म्हणाली. "तोल की! तुझ्या हिरवळीचं वजन किती भरतंय, बघू दे गावाला."

नबीलाल तिचा धाकटा दीर. पेठेत किराण्याचं दुकान, जमातीचा कारभार त्याच्याकडं, आणि जीभ अशी की वाकडं बोलणाऱ्यालाही दोन शेंगदाणे देऊन वाटेला लावील. त्यानं आधी गूळ उचलला, फुंकला, परत पारड्यात ठेवला.

"भाबी, गिऱ्हाईक हाय. घरी बोलू."

"घरी मी बोलले तर भिताडं ऐकत्यात. हितं चार मानसं हायेत, तीबी ऐकू देत. ही काठी कुटनं आनली, इचार मला."

"कुटनं?"

"गाडीवाटंवरनं! तू लावलीस कब्रस्तानाच्या कडंला, ती रस्त्यावर आलीया. आन जेवढी भाईर आली त्येच्या दुप्पट आत घुसलीया. माझ्या पोरीच्या उरावर बसलीया ती, नबीलाल."

गेणबानं आपल्या गुळाकडं पाहिलं. या भांडणाच्या मुळाशी आपलीच म्हैस आहे, हे त्याला ठाऊक होतं.

गाव पिरंगुट आणि पौड यांच्या मधलं. डांबरी रस्ता गावाबाहेर पडतो तिथं डाव्या हाताला मुसलमानांचं कब्रस्तान, त्याला कमरेएवढा दगडाचा गडगा, आणि गडग्याच्या पलीकडं उताराला ओढा. बायकांनी आत पाऊल टाकायचं नाही, ही तिथली रीत. जैनबबीनं ती कधी मोडली नाही. मोडायची गरजच पडली नव्हती. तिची परवीन गोवरात गेली, सातव्या वर्षी, आणि तिच्या बापानं, हाफीजनं, लेकीला रस्त्याच्या बाजूला जागा मागून घेतली. कबरीवर दगड नाही, नाव नाही. भोवतीनं ओढ्यातले गोल गोटे मांडले आणि मधे सब्जा पेरला. सब्जा म्हणजे तुळशीच्या घरचंच झाड, बारीक पानांचं, वासाचं. एकदा पेरला की दर पावसाला आपला आपण उगवायचा.

रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता. तिथं उभं राहून पलीकडच्या हिरड्याच्या खोडाकडं नजर लावली, की बरोबर मधोमध सब्ज्याचा तो ठिपका दिसायचा. लावणीला जाताना, कापणीला जाताना, बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी असताना जैनबबी त्या दगडापाशी थांबायची. कपाळाला हात लावायची आणि घरचं सगळं सांगायची. आजीच्या गुडघ्याचं, शेजारच्या कोंबडीनं कुठं अंडी घातली त्याचं, झारा कुणी मोडला त्याचं. बरोबरीनं कामाला जाणारी गोजराबाई, गेणबाची बायको, हसायची. "भाबी, तू जित्या मानसाशी एवढं बोलली असतीस, तर सरपंच झाली असतीस." जैनबबी म्हणायची, "जिती मानसं मधीच बोलत्यात. ती ऐकून घेती."

जात्यावर बसली की तिच्या तोंडून ओवी यायची, दळण सरेपर्यंत तीच ती:

पौडाच्या वाटंवरी, हिरवा सब्जा डुले
तिथं माझी परवीन, झोपंमंदी बोले

पुढं हाफीज ट्रकवर लागला आणि गुजरातेत कुठं तरी गाडी उलटून गेला. तिकडंच त्याला माती दिली. कुठं, ते तिला कधीच कळलं नाही. म्हणून मग तिच्या वाट्याला तेवढा एकच ठिपका राहिला, मैलाच्या दगडावरून दिसणारा.

मग एका उन्हाळ्यात गेणबाची म्हैस गडगा ढासळला होता तिथून आत शिरली आणि सब्जा तुडवून गेली. जैनबबीनं गेणबाला असं काही धुतलं, की तो महिनाभर त्या रस्त्यानं गेला नाही. ओरडून झाल्यावर ती दिराकडं गेली. "गडगा नीट करून घे. दगड वढ्यातच हायेत. मी वाहते, गोजरा वाहंल, तू फकस्त रचनारा मानूस दे."

नबीलालनं रचणारा माणूस दिला नाही. त्याची सासुरवाडी नेऱ्याची. तिकडं सासऱ्याच्या मळ्याला भोवतीनं बेशरमीची कुपाटी होती. कशी दाट, कशी फुललेली, गुरं तोंड लावत नाहीत, पाणी घालावं लागत नाही, दगड रचावा लागत नाही! तो एसटीच्या टपावर दोन भारे घालून घेऊन आला, आणि जमातीच्या पोरांनी एका सकाळीत कब्रस्तानाच्या चारी अंगांना काठ्या खोचल्या.

जैनबबी तेव्हाच रस्त्यावर उभी राहून ओरडली होती. "आरं, हिला लोकांनी बेशरम नाव उगं ठिवलं न्हाई! तोडली की वाढती, टाकली की रुजती. शेळी खात न्हाई, आन खाल्लं तर शेळी मरती."

"शेळी खात न्हाई म्हनून तर लावतोय, भाबी," नबीलाल हसला. "आन जनाजा घिऊन आत येताना फुलं दिसली तर काय वंगाळ हाय?"

पहिल्या पावसात काठ्यांना पानं फुटली. गाव खूश. फिकट जांभळी, कर्ण्यासारखी फुलं लागली तसे सरपंच हैबतराव स्वतः येऊन बघून गेले, आणि त्यातल्याच काठ्या तोडून नेऊन त्यांनी शाळेच्या बांधावर, चावडीपुढं, पाणवठ्याच्या काठाला लावल्या. तालुक्याचा साहेब येणार होता, त्याला गाव हिरवं दिसायला हवं होतं. साहेब आला, म्हणाला, "वा." आणि गेला.

दुसऱ्या पावसात काठ्यांची भिंत झाली. माणसाच्या डोक्याच्या वर हातभर. जैनबबी मैलाच्या दगडापाशी उभी राहायची आणि समोर नुसती पानं. हिरडा नाही, सब्जा नाही, गोटे नाहीत. फुलं मात्र हसत असायची. हसणाऱ्या माणसाच्या थोबाडीत मारता येतं. फुलाच्या कुठं मारणार?

तिनं दिराला सांगितलं, मला दोन हातांची फट पाडून दे. नबीलालनं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो मोहिद्दीनचाचाकडं गेला. चाचा म्हातारे, पोरांना नमाज शिकवणारे, मय्यतीला पुढं उभे राहणारे. भल्या मनाचे होते, पण वाडवडलांपासून चालत आलेलं एक वचन त्यांनी गाठीला बांधलं होतं: कबरीवरचं हिरवं रोप जितके दिवस हिरवं असतं, तितके दिवस ते अल्लाचं नाव घेतं, आणि खाली झोपलेल्याचा भार हलका होतो. म्हणून तर कबरीवर सब्जा लावायचा. म्हणून कब्रस्तानातलं हिरवं उपटायचं नाही. वाळलं तर काढावं, हिरव्याला हात लावू नये. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना पटलेलं होतं. जैनबबीलाही पटलेलं होतं.

आणि बेशरम तर बारा महिने हिरवी. वैशाखात सगळा डोंगर भाजून निघाला तरी ती हिरवीच. ती वाळणार कधी आणि तिला काढणार कोण?

तेच नबीलालनं आज दुकानात पुन्हा सांगितलं. "भाबी, चाचांनी काय सांगितलंय, ठावं हाय न्हवं? अल्लाची जिकीर करतंय ते. एवढं हिरवं कब्रस्तान आख्ख्या तालुक्यात दुसरं न्हाई."

"जिकीर!" जैनबबीनं काठी पुन्हा उचलली. "ही जिकीर करती? ही जागा खाती, जागा!"

"आन भाबी," नबीलालचा आवाज थोडा खाली आला, कारण गोड बोलण्याचे शेंगदाणे संपले होते आणि गिऱ्हाइकं बघत होती, "कब्रस्तान बायकांचं न्हवं. तितलं काय ठिवायचं, काय काढायचं, ते जमात बघंल."

तिनं उगारलेली काठी खाली केली. मग हळू बोलली, आणि ते हळू बोलणंच गेणबाला जास्त लागलं.

"बरोबर. कब्रस्तान तुमचं, कुपाटी तुमची, मेलेलंबी तुमचंच. फकस्त रडायचं तेवढं आमचं, व्हय रं?"

काठी तिनं दुकानात ठेवली नाही. बरोबर नेली. दुकानाच्या मागच्या ओल्या मातीत जरी पडली असती तरी ती रुजली असती, हे तिला आता ठाऊक झालं होतं.

ते तिला ठाऊक झालं ते एका फजितीतून. श्रावणात एका दुपारी तिनं गोजराबाईचा कोयता घेतला आणि रस्त्याच्या बाजूनं, आत पाऊल न टाकता, बेशरम सपासप तोडली होती. पांढरा चीक हातांवर, तोंडावर, लुगड्यावर. तोडलेल्या काठ्या तिनं रागारागानं ओढ्याकडं भिरकावल्या होत्या. आठ-दहा दिवस तिला हिरड्याचं खोड दिसलं, खालची कबर नाही, पण खोड तरी. मग बुडख्यांना एकाच्या जागी चार फुटवे आले. आणि ओढ्याच्या काठाला, जिथं जिथं तिनं भिरकावलेली काठी पडली होती तिथं तिथं, नवी कुपाटी उभी राहिली. वर हैबतराव चावडीवरून ओरडले, "जैनबबी, गावाची शोभा मोडतीस व्हय?" ती म्हणाली, "सरपंच, शोभा तुमच्या परसात लावा, आन वर्साभरानं घराचं दार सापडलं तर मला सांगा." पण ओढ्याच्या काठाकडं बघून तिचं तिलाच तोंड काळं करावंसं वाटलं. आपल्याच हातानं पेरलं की आपण!

त्यानंतर जात्यावरची ओवी बदलली. जातं तेच, ज्वारी तीच, पण दळण जाड यायला लागलं, कारण खुंटा ती दात खाऊन फिरवायची:

हिरवं हिरवं म्हनू नका, हिरव्याची जात बघा
गाईच्या गोठ्यामंदी, कोन बांधितो वाघा

खोलीच्या कोपऱ्यात बाजेवर तिची सासू रहिमतबी पडून असायची. नबीलालची आई. गुडघे गेले, मग कंबर गेली, मग नजर मंदावली. जैनबबी शेतावरून आली की म्हातारी रोज एकच विचारायची.

"दिसली का गं पोर?"

"दिसली, अम्मा."

"सब्जा हाय न्हवं?"

"हाय. लई दाट आलाय औंदा."

हे खोटं बोलताना जैनबबी चुलीत उगाच लाकूड खुपसायची. राग नबीलालवर, राग चाचांवर, राग नेऱ्याच्या त्या सासऱ्यावर, ज्याला तिनं उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. आणि म्हातारी समाधानानं मान हलवायची. "मला तिच्या पायथ्याला ठिवा. पोरगी अंधाराला भित हुती. मी जवळ असले म्हंजी भिनार न्हाई." हे तिनं नबीलालला चार माणसांत सांगितलं, एकदा नाही, दर शुक्रवारी. नबीलालनं तिचा हात हातात घेऊन कबूल केलं. आईवर त्याचा जीव होता. ते कुणी नाकारत नव्हतं.

तिसऱ्या पावसात, आषाढाच्या झडीत, पहाटेची बांग झाली आणि रहिमतबी गेली. पाणी मागितलं, पाणी पोचायच्या आत गेली.

पुरुष कब्रस्तानाकडं गेले. घरात बायका पाणी तापवून म्हातारीला आंघोळ घालायला बसल्या. जैनबबी रडत नव्हती. ती म्हातारीच्या केसांतली गुंतवळ सोडवत होती, फणी अडली की थांबत होती. पागोळ्या धो धो गळत होत्या. तेवढ्यात ओट्यावर कुणी तरी धापा टाकत आलं. नबीलाल. पांढरा सदरा चिखलानं माखलेला, टोपी नाही. तो दारातच थांबला, आत बायका होत्या म्हणून.

"भाबी. भाईर या जरा."

ती बाहेर आली. हात ओलेच.

"परवीनची कबर कुटं हाय?"

जैनबबीनं त्याच्याकडं पाहिलं. इतका वेळ पाहिलं, की त्यालाच मान खाली घालावी लागली.

"मला इचारतूस? तू कारभारी. तू माती दिलीस. मी तर रस्त्यावरची बाई."

"भाबी, आत काय कळंना झालंय. सगळी बेशरम. पायाखालची जमीन दिसंना. मी म्हनलं हितं आसंल, पोरांनी कुदळ मारली..."

"मारली आन काय?"

"फळ्या लागल्या, मयतावर घालत्यात त्या. कुनाची तरी हुती."

घरात कुणी तरी "या अल्ला" म्हणालं. पाण्याचं तपेलं जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"कुनाची?"

"ठाऊक न्हाई."

"ठाऊक न्हाई," जैनबबी म्हणाली. "कुनाची हाडकं उकरली, ठाऊक न्हाई. हिरवं मातूर ठाऊक हाय."

"बुजवलं लगी. चाचा म्हनत्यात, मोकळं आसंल तितं ठिवू. पर मोकळं हाय कुटं? आन अम्माला मी सबूद दिलाय." त्यानं तोंडावरचं पाणी बाहीनं पुसलं. "भाबी, तुमी दाखवा. चाचा म्हनाले, आज आत आलात तरी चालंल."

तिनं हात पदराला पुसले. बायकांना म्हणाली, "अम्माची येनी राहिलीया, घाला." आणि पावसात चालू लागली. नबीलाल मागं मागं. पेठेतून जाताना कुणीतरी तिच्या डोक्यावर पोत्याची खोळ टाकली. ती गोजराबाई होती, आणि गेणबाही बरोबर होता.

कब्रस्तानाच्या तोंडाशी माणसं भिजत उभी होती. मोहिद्दीनचाचा छत्रीखाली, दाढीवरून पाणी निथळत होतं. ते बाजूला सरकले. "ये, बाई. आज वखत तसा हाय. आत ये."

जैनबबी आत गेली नाही. ती पुढं चालत जाऊन मैलाच्या दगडापाशी उभी राहिली.

"मी न्हाई यायची," ती म्हणाली. पावसावर आवाज चढवून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "रीत तुमची. तुमची नड आली तवा मोडायची, आन माझी नड हुती तवा पाळायची, ते मला जमत न्हाई. मला माझी पोर हितनं ठावी हाय. ह्या दगडापासनं. हितनंच दाखवीन. कुपाटी काढा."

माणसं एकमेकांकडं बघू लागली.

"किती काढायची?" कुणीतरी विचारलं.

"मला दिसंस्तवर."

"बाई," चाचा म्हणाले, "हिरवं हाय ते. कबरीवरचं हिरवं..."

"चाचा!" ती त्यांच्याकडं वळली. गावातली कुठलीही बाई चाचांशी या आवाजात बोलली नव्हती. "सब्जा हिरवा न्हवता? त्यो अल्लाचं नाव घेत न्हवता? हाफीजनं आपल्या हातानं पेरला हुता. त्येचा गळा कुनी दाबला, ह्या बेशरमीनं का मी? तुमी म्हनता, हिरवं उपटू नगा. मग तिनं जेवढं हिरवं उपटलं त्येचा इसाब कुनी मागायचा? दूर्वा गेली, सब्जा गेला, आघाडा गेला. एका झाडाचं नाव चालावं म्हनून शंभरांची तोंडं बंद केली तुमी. आन खालची मानसं? आज कुनाच्या तरी फळीवर कुदळ बसली. त्येचा भार हलका झाला म्हनता का?"

चाचांनी छत्री मिटली. म्हातारा माणूस, बोडक्यानं पावसात उभा राहिला. बराच वेळ ते त्या फुलांकडं बघत होते, जणू पहिल्यांदाच बघत होते.

"काढा," ते म्हणाले. "गुनाह आसंल तर माझ्या मानेवर. काढा रं."

मग जे कोयते चालले! पोरं एका अंगानं भिडली, नबीलाल दुसऱ्या. त्याला कोयत्याची सवय नाही, तागडीची सवय. दुसऱ्याच घावाला त्याचा तळवा सोलला. पोकळ काठ्या कडाकड मोडत होत्या, चीक पावसात मिसळून बाह्यांवर ओघळत होता. दोन-तीन पोरांनी तोडलेला भारा उचलला आणि ओढ्याकडं निघाली.

"ए! वढ्यात न्हाई!" जैनबबी दगडावरून अशी किंचाळली, की पोरांच्या हातून भारा सुटला. "येक काठीबी वढ्याला गेली तर तंगडी मोडीन! कातळावर न्या. मातीला लागू देऊ नगा. कातळावर पसरा, उलट्या."

"द्या हिकडं," गेणबा पुढं झाला. त्यानं आणि गोजराबाईनं भारे डोक्यावर घेतले आणि रस्त्यापलीकडच्या उघड्या कातळाकडं वाहू लागले. जाता जाता गेणबा म्हणाला, "भाबी, माझ्या म्हशीला सा म्हैने शिव्या घातल्यास तू. ती बिचारी तुडवून निघून तरी गेली."

"गप, वझं उचल," गोजराबाई म्हणाली. पण जैनबबीच्या ओठाचा एक कोपरा हलला, आणि लगेच घट्ट झाला.

भिंतीला भगदाड पडलं. आधी पलीकडचं आभाळ दिसलं, मग हिरड्याचा शेंडा, मग खोड. जैनबबी दगडाला टेकून उभी राहिली, दोन्ही तळवे भुवयांवर धरले. समोर आत अजून बेशरमच होती, कंबरभर, एकमेकांत गुंतलेली.

"नबीलाल, हिरड्याकडं तोंड कर. चल पुढं. डावीकडं. आजून. तोड ते. आजून खाली तोड. माझ्याकडं बघू नगंस, झाडाकडं बघ. थांब!"

तो थांबला.

"तुझ्या उजव्या पायाखाली बघ."

नबीलालनं पाय उचलला. वाकला. मुळ्यांची जाळी होती, बोटाएवढी जाड, त्यानं दोन्ही हातांनी ती ओढली, कोयत्यानं कापली, पुन्हा ओढली. चिखलातून एक गोटा वर आला. गोल, गुळगुळीत, ओढ्यातला. त्याच्या शेजारी दुसरा. मुळीनं दोघांमध्ये शिरून त्यांना ढकललं होतं, रांग वाकडी झाली होती. तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनी चिखल सारू लागला. सब्ज्याचं एक काडीएवढंही रोप नव्हतं.

"हाय," तो ओरडला. आवाज फाटला. "भाबी, हाय हितं!"

जैनबबी डोळ्यांची पापणी न लववता बघत होती. तिला वाटलं होतं, दिसली की छातीत काही तरी निवेल. निवलं नाही. तिथं तिला आपली पोर दिसत नव्हती. चिखलात गुडघ्यांवर बसलेला एक माणूस आणि मुळ्यांनी पिळवटलेली चार हात जमीन दिसत होती. ह्यानं तिला झाकून ठेवलं, तीन पावसाळे, फुलांखाली, कौतुकानं. राग असा वर आला, की तिनं दगडावर मूठ आपटली आणि बोटांच्या सांध्यांची सालं निघाली.

पायथ्याशी खड्डा झाला. पावसानं भरू नये म्हणून वर घोंगडी धरली. दुपारची नमाज झाली, म्हातारीला आणलं, चाचा पुढं उभे राहिले, आणि रहिमतबीला नातीच्या पायाशी ठेवलं. जैनबबी मैलाच्या दगडापाशीच होती, गोजराबाई तिच्या शेजारी. लोकांनी मूठमूठ माती टाकली. मग हळूहळू माणसं बाहेर पडली, रस्त्यावरून जाताना तिच्याकडं न बघता पुढं गेली. चाचा तेवढे थांबले. त्यांनी पायाशी राहिलेली एक तोडलेली काठी उचलली. ती कातळावर टाकून ते गेले.

नबीलाल शेवटी आला. दोन्ही तळव्यांना फोड, सदऱ्याला चिकाचे काळे डाग.

"भाबी," तो म्हणाला, "आता दिसतंय न्हवं?"

जैनबबीनं बोट केलं. भगदाडात, जिथं कुपाटी उभी होती तिथं, तिरक्या कापलेल्या बुडख्यांची रांग होती. प्रत्येक बुडख्यातून पांढरा थेंब ठिबकत होता.

"त्येबी दिसतंय. मुळं हायेत सगळी."

"उद्या पोरं लावतो मी. न्हाई तर परवा, पाऊस उघडल्यावर..."

"पाऊस उघडल्यावर ती डोक्याएवढी हुईल. आज काढ."

"आज?" नबीलालनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं त्याला मारलं. "भाबी, माझी आई आत्ता मातीत गेलीया."

"माझी सासू गेलीया. तिची उष्टी भांडी मी काढली, तिची गुंतवळ मी सोडवली. आन तिला तू कुटं ठिवलीस, बघ की. उशाला पोर, आन भवतीनं ही. आठ दिसांत ह्या बुडख्यांना फुटवे येतील आन ते पैला तिच्याकडं जातील, नवी माती भुसभुशीत असती. सबूद दिला हुतास न्हवं तिला? कुदळ घे."

तो उभा राहिला. पाऊस त्याच्या टाळूवरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर. गोजराबाईला वाटलं, आता हा ओरडेल, किंवा बसून रडेल. त्यानं दोन्हीतलं काही केलं नाही. त्यानं सोललेल्या तळव्यावर धोतराचा सोगा गुंडाळला, गडग्याला टेकवलेली कुदळ उचलली आणि परत आत गेला.

जैनबबीनं खोळ डोक्यावरून काढून गोजराबाईला दिली. कुदळीचा पहिला घाव पडला, एक बुडखा मानेतून तुटून बाजूला उडाला. ती दगडावर चढली आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडली,

"वरनं न्हाई! खालनं! खालनं काढ!"